कडी आतूनच हवी

भाच्याचा फोन आला तेव्हा मी फोंड्याच्या बाजारात भाजी घेत होतो.

"मामा, आईकडे एक पार्सल येणार आहे. सुताराला सांगून ठेवलंय. तुम्ही दोन दिवस निपाणीला जाऊन ते बसवून द्याल का? तिला एकटीला जमायचं नाही."

पार्सल म्हणजे दाराचे कुलूप. साधे नव्हे, स्मार्ट! बोट टेकवले की उघडणारे, आकडे दाबले की उघडणारे, आणि टोरांटोत बसलेल्या माणसाने फोनवर बोट फिरवले तरीही उघडणारे.

गेलो. चोर्ला घाट, बेळगाव, मग महामार्गाने संकेश्वर, आणि तवंदीचा घाट उतरला की निपाणी. आक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन तिकडे गेली त्याला पन्नासहून जास्त वर्षे झाली. आता वय ७६. भावोजी जाऊन सहा वर्षे झाली, मुलगा कॅनडात, मुलगी पुण्यात. घर जुने. पुढचे दार सागवानी, एकाच फळीचे. त्याला आतून कडी, वर खिट्टी, आणि रात्री लावायचा अडसर. बाहेरून कोयंडा आणि त्यात पितळी कुलूप. त्या कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. एक आक्काच्या कमरेला, दुसरी समोरच्या काकूंकडे खिळ्यावर.

आजचे लिखाण त्या नव्या कुलपाबद्दल आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सोय होईल. ज्या घरात माणूस राहतो, त्या घराच्या दाराचा मालक तोच माणूस असला पाहिजे. पैसे कोणी दिले, काळजी कोणाला जास्त, फोन कोणाचा महाग, हे प्रश्न त्यानंतरचे. आणि हल्ली आपण परगावी बसून आईवडिलांच्या दाराला जी कुलपे बसवतो आहोत, ती बहुतेक घरांत या साध्या नियमाच्या उलट बसतात. मी स्वतः एक बसवले आहे. म्हणून अधिकाराने बोलतो.

बसवण्याचे काम तसे अवघड नाही. सुताराने आधी दाराची जाडी मोजली. या कुलपांना साधारण ३५ ते ५५ मिलिमीटरचे दार लागते, आपल्या जुन्या दारांत ते सहज बसते. मग पटाशीने खाच पाडली, चौकटीत पट्टी बसवली, आतल्या बाजूला चार पेन्सिल सेल घातले. पुढचे काम माझे. ॲप उतरवायचे, खाते उघडायचे, कुलूप ब्लूटूथने फोनला जोडायचे, मग एका छोट्या डबीतून घरच्या वाय-फायला. ती डबी काही केल्या जोडली जाईना. तासाभराने कळले की तिला २.४ गिगाहर्ट्झची लहर लागते आणि माझा फोन राऊटरच्या ५ गिगाहर्ट्झवर बसला होता. तेही निभावले.

पण खरी गोष्ट घडली ती या खटपटीत नव्हे, तिच्या आधीच्या पायरीला. ॲपने विचारले, मालक कोण? भाच्याने आपला ईमेल आणि पासवर्ड मला पाठवून ठेवला होता. मी तो घातला. घराच्या दाराची मालकी बदलली, आणि ती बदलताना घराची मालकीण स्वयंपाकघरात आमच्यासाठी चहा करत होती. तिला कोणी विचारले नाही. मीही नाही. "आक्का, जरा बोट आण," एवढेच म्हणालो. तिने पदराला हात पुसून बोट पुढे केले.

मंडळी, आपल्या दाराच्या दोन वस्तू आहेत आणि त्या दोन वेगळ्या कामांसाठी आहेत. कडी आणि कुलूप. घरात माणूस असला की कडी. घरात कोणी नसले की कुलूप. कडी आतून लागते, तिला किल्ली नसते, आणि ती काढायची की नाही हे आत बसलेला ठरवतो. 'कोण आहे?' असे आतून विचारले जाते आणि आवाज ओळखून कडी निघते. कुलूप हे गैरहजर माणसाचे हत्यार. १८९७ साली आर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत कुलपे करायला घेतली ती धन्याच्या पाठीमागे वस्तू सुरक्षित राहाव्यात म्हणून. आत माणूस असताना बाहेरून कुलूप घालणे याला आपल्या भाषेत वेगळा शब्द आहे. कोंडणे.

स्मार्ट कुलपाने कडी आणि कुलूप यांची सरमिसळ केली. ते आत माणूस असतानाही कुलूपच असते, आणि त्याची किल्ली भलतीकडे असते. हे असे का झाले, याचे उत्तर त्याच्या कुळात सापडते. हे कुलूप हॉटेलात जन्मले! १९७० च्या दशकात नॉर्वेच्या टोर सोर्नेस यांनी हॉटेलांसाठी असे कार्डाचे कुलूप काढले की प्रत्येक पाहुण्यागणिक त्याची खूण बदलता यावी. पाहुणा गेला, कार्ड निरुपयोगी. हॉटेलासाठी हे उत्तमच. तिथे राहणारा हा पाहुणाच असतो आणि धनी म्हणजे व्यवस्थापन. कोणाला आत घ्यायचे, किती दिवस, खोली कितीदा उघडली, हे सगळे व्यवस्थापनाला कळलेच पाहिजे. आपल्या कळंगुट-बागेकडच्या भाड्याच्या व्हिलांना ही कुलपे लावतात त्यालाही माझी हरकत नाही. मालक दिल्लीला, पाहुणा चार दिवसांचा. त्याला आकडा द्यावा, पाचव्या दिवशी तो रद्द करावा. तिथे ते शोभते.

पण तेच यंत्र आईच्या दाराला लावले की काय होते? ॲपमधल्या जागा त्याच राहतात. कोणीतरी धनी, कोणीतरी पाहुणा. मुलगा धनी होतो. आणि पन्नास वर्षे ज्या बाईने तो उंबरठा सारवला, पुसला, त्यावर रांगोळी काढली, ती त्या घरात पाहुणी होते. हे यंत्राचे पाप नव्हे. आपण हॉटेलचे यंत्र घरी आणले आणि घर कोणाचे हे त्याला खोटे सांगितले.

आता पुढे काय झाले ते सांगतो.

पहिली अडचण बोटाची. आक्काकडे सकाळी कामाला येणाऱ्या मावशी साठीच्या. तरुणपणापासून विड्या वळत आल्या. निपाणी तंबाखूची पेठ, घरोघरी सुपात तेंदूची पाने, कात्री, दोरा. हजार विड्यांवर मजुरी. त्या मावशींचे बोट कुलूप घेईना. दहादा टेकवले, ओले केले, पुसले, दुसरा हात लावला. "काकू, ह्यो काय माझं बोट घेईना की ओ. रेशनला बी असंच करतंय." रेशन दुकानातले आधारचे यंत्र ज्या कारणाने माघारी पाठवते तेच कारण. वर्षानुवर्षे पान आणि तंबाखू चोळून बोटावरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. म्हातारपणाने त्या आणखी पुसट होतात. आक्काचेही बोट तीनदा टेकवले की एकदा घेई. म्हणजे ज्या दोन बाया त्या दाराने रोज ये-जा करणार, त्या दोघींना ओळखायला ते दार राजी नव्हते. भाचा मात्र साता समुद्रापलीकडून एका टिचकीत उघडत होता.

मग मावशींना चार आकडे पाठ करून दिले. ते त्यांनी केले. पण त्या आकड्यांच्या मागे दुसरी गोष्ट लागली. मावशींनी आकडे दाबले की भाच्याच्या फोनवर निरोप जाई. कोण, किती वाजता. पंधरा दिवसांनी त्याने आईला फोन केला. "आई, त्या मावशी या आठवड्यात तीनदा उशिरा आल्या. एकदा चाळीस मिनिटं. तू काही बोलत नाहीस का?" आक्का गप्प बसली. तिला मावशींचा उशीर ठाऊक होता, त्याचे कारणही ठाऊक होते. सुनेला घेऊन त्या सरकारी दवाखान्यात जात होत्या. कुलपाला वेळ कळते, कारण कळत नाही.

या गावात ही गोष्ट घडावी याचे मला विशेष वाईट वाटले. निपाणीच्या तंबाखू कारखान्यांतल्या बायांनी एके काळी संघटना बांधून आपल्या मजुरीचा आणि मानाचा हिशेब मागितला. त्या लढ्यावर युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला, तो १९८२ साली. ज्या गावच्या बायांनी हे केले, त्या गावच्या एका बाईची हजेरी तिला न सांगता, तिच्या पाठीमागे, टोरांटोत मांडली जाते आणि आपण त्याला 'सुरक्षा' म्हणतो. हजेरीच घ्यायची असेल तर तोंडावर घ्या. मुकादमसुद्धा तोंडावर घेत असे.

कोणी म्हणेल, याविरुद्ध कायदा असेल. २०२३ साली आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला खरा. पण एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी ठेवलेली माहिती त्या कायद्याने आपल्या बाहेरच ठेवली आहे. कंपनी बांधली जाते, मुलगा बांधला जात नाही. तेव्हा उंबरठ्याच्या आत जो काही कायदा लागू आहे तो तुमच्या-माझ्या लाजेचा.

आणि मग ती मे महिन्यातली दुपार.

आक्का तुळशीला पाणी घालायला म्हणून बाहेर आली. वारा आला, दार लोटले गेले. साध्या दाराचे काही बिघडले नसते. पण या कुलपाला आपोआप लागायची सोय असते आणि ती भाच्याने चालू करून ठेवलेली. आतून बाईचा आवाज आला, 'डोअर इज लॉक्ड.' आक्काने बोट लावले. घेतले नाही. घाम होता, उन्हाचा हात होता. आकडे दाबले. तेही घेतले नाहीत, कारण आदल्या रात्री भाच्याने आकडे बदलले होते. दूधवाल्यालाही ते ठाऊक झाले असावेत अशी त्याला शंका आली होती. नवे आकडे त्याने आईला व्हॉट्सॲपवर पाठवले होते. तो फोन घरात, गॅसच्या ओट्यापाशी. या कुलपांना एक लोखंडी किल्लीही असते, झाकणाखाली तिचे भोक असते. त्या दोन्ही किल्ल्या 'नीट ठेव' म्हणून मी कपाटात ठेवल्या होत्या. घरातल्या कपाटात! ही चूक सर्वस्वी माझी. समोरच्या काकूंच्या खिळ्यावर आता काही नव्हते. 'आता गरज नाही' म्हणून जुनी किल्ली मीच परत आणली होती.

निपाणीत दुपारचा दीड. टोरांटोत पहाटेचे चार. भाच्याचा फोन मुका करून उशाशी. समोरच्या काकूंनी आक्काला घरी नेऊन पाणी दिले, मला फोन केला. मी भाच्याला केला, पुण्याच्या भाचीला केला, तिच्या हाती त्या कुलपाचे काहीच नव्हते. दोन तासांनी भाचा उठला, घाबरला, बिचाऱ्याने बोट फिरवले. इकडे दारात कोणी नसताना खट् आवाज झाला आणि दार सुटले.

आतल्या गॅसवर डाळ होती. ती जळून भांडे काळे झाले होते. थोडक्यात निभावले असेच म्हणायचे.

रात्री आक्काशी बोललो. ती चिडलेली नव्हती. म्हणाली, "दार उघडलं रे, पण मला नाही उघडलं. त्याला उघडलं."

हे वाचून काही जण म्हणतील, झाले, गोंयकार सुशेगाद माणूस, नव्याला नावे ठेवतो. तसे नाही. आणि 'पूर्वी आमच्याकडे दारे सताड उघडी असत' या गाण्यातही मी सूर मिसळणार नाही. ती दारे कोणासाठी उघडी होती ते आपल्याला पक्के माहीत आहे. आपल्या गावांत वसरीपर्यंत कोण येई, माजघरापर्यंत कोण, आणि अंगणातच कोणाला थांबावे लागे, याचे नियम कुठल्याही ॲपहून कडक होते. ज्याला अंगणातून हात वर करून पाणी प्यावे लागले, त्याला त्या उघड्या दाराचे कौतुक सांगू नये. शनी शिंगणापूरला घरांना दारे-कुलपे नाहीत म्हणून आपण भाविकपणे बघून येतो. तिथे २०११ साली युको बँकेने शाखा काढली, कुलपाविना शाखा म्हणून तिचा गाजावाजा झाला. पण दार काचेचे आणि त्याला डोळ्यांना न दिसणारे विद्युतचुंबकी कुलूप! श्रद्धाही राहिली, रोकडही राहिली. कुलूप हे लागतेच.

भाच्याची बाजूही पोकळ नाही. दोन वर्षांपूर्वी आक्का न्हाणीघरात पडली होती. आतून कडी, वर खिट्टी. हाका ऐकून शेजारी आले, पण आत जाता येईना. शेवटी मागच्या दाराची बिजागरी उचकटून आत शिरले. तो तासभर भाचा व्हिडिओवर नुसता ओरडत होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच कुलूप मागवले असते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या दाराला बाहेरून उघडायची काहीतरी सोय पाहिजेच. ज्यांची बोटे संधिवाताने वाकडी झाली आहेत, ज्यांना किल्ली फिरवत नाही, त्यांना आकड्यांचे कुलूप वरदान आहे. प्रश्न कुलूप असावे की नसावे हा नाही. ते कोणाचे ऐकते, हा आहे.

बरे, ते निदान चोराला तरी अडवते का? २०१६ साली लास वेगासच्या डेफकॉन परिषदेत दोघा संशोधकांनी १६ ब्लूटूथ कुलपे तपासली. त्यांतली १२ त्यांनी बाहेरून उघडून दाखवली. काहींचा पासवर्ड तर उघडाच हवेतून जात होता. २०१७ च्या ऑगस्टमध्ये लॉकस्टेट या अमेरिकन कंपनीने आपल्या कुलपांना दुरून एक सुधारणा पाठवली ती चुकली, आणि सुमारे ५०० दारांची कुलपे एका रात्रीत निकामी झाली. तेव्हापासून बरीच सुधारणा झाली आहे, पण दुरून सुधारता येणारी वस्तू दुरून बिघडवताही येते, हे काही बदललेले नाही. आणि आपल्याकडचा चोर पासवर्ड फोडत बसत नाही. तो मागच्या दाराची कडी उचकटतो, नाहीतर कौले काढतो. आक्काचे मागचे दार अजून त्याच जुन्या बिजागरीवर आहे. वीस हजार पुढच्या दाराला घातले, मागच्या दाराला नवे स्क्रूही घातले नाहीत.

वीज गेल्यावर काय, असे मला अनेकांनी विचारले. कुलूप सेलवर चालते, ते बंद पडत नाही. बंद पडतो तो राऊटर, म्हणजे दुरून उघडण्याची सोय. ज्या सोयीसाठी हे सारे केले तीच पहिल्यांदा जाते. सेल संपले तर बाहेरून खालच्या भोकात पॉवर बँक जोडून कुलूप जागे करता येते. ही माहिती पुस्तिकेत आहे, बारीक अक्षरांत, इंग्रजीत.

भाषेचे तर बोलायलाच नको. हे गाव कोणते? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात बेळगाव देऊ नये म्हटले, पण निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे सुचवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. गावाचे देवचंद कॉलेज अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि गाव कर्नाटकात. कर्नाटकाने २०२४ साली कायदा दुरुस्त करून दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीची केली. पाटीवरच्या अक्षरांवरून इथे मोर्चे निघाले, डोकी फुटली. आणि घराच्या उंबरठ्यावर एक परकी बाई इंग्रजीत सांगते, दार लागले आहे, बोट पुन्हा लावा, तुमचा प्रवेश नाकारला आहे. तिला ना मराठी येते ना कन्नड. तिच्याविरुद्ध कोणी मोर्चा काढला नाही! आपणही हसू नये. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आपण मराठी-कोकणी करत बसलो आहोत आणि आपल्या म्हाताऱ्यांना फोनवर, बँकेत, आणि आता दारातही, दोन्हींतली एकही ऐकू येत नाही.

निपाणीकरांना दूरच्या किल्लीचा अनुभव जुना आहे. आपल्याला १६ जानेवारी १९६७ रोजी निदान विचारले तरी गेले. कौल कोणाला रुचला, कोणाला नाही, पण प्रत्येकाच्या हातात मतपत्रिका आली होती. निपाणीच्या हातात असे काही आले नाही. गाव कोणाचे हे बंगळूर, मुंबई आणि दिल्ली मिळून ठरवत आले. जिथे राहणारा माणूस सोडून बाकी सगळे काळजी करतात, तिथे राहणाऱ्याचे काय होते, हे त्या गावाला मी सांगायला नको. आणि म्हणूनच आक्काच्या दारापुरते तरी आपण तसे करू नये असे मला वाटले.

दूरदेशीही हीच लढाई झाली आहे. न्यूयॉर्कच्या एका जुन्या इमारतीत २०१८ साली मालकाने प्रवेशदाराला फोनवरची कुलपे लावली. भाडेकरू कोर्टात गेले. त्यांतल्या ९३ वर्षांच्या एका गृहस्थाला फोन वापरता येत नव्हता, त्याचे बाहेर पडणेच बंद झाले होते. २०१९ साली तडजोड झाली आणि भाडेकरूंना धातूची किल्ली मिळाली. त्याच २०१८ साली न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या छळ सोसणाऱ्या बायकांच्या हकिकती छापल्या. एकीच्या पुढच्या दाराचे आकडे रोज बदललेले असत, कोण बदलतो ते तिला कळत नसे. आमचा भाचा तसा नाही, तो आईवर जीव टाकतो. पण दार दोन्हीकडे एकाच रीतीने बंद झाले. यंत्राला प्रेम आणि धाक यांतला फरक कळत नाही. म्हणून तो फरक आपण नियमांत मांडावा लागतो.

जूनमध्ये मी पुन्हा निपाणीला गेलो. आक्का म्हणाली, काढून टाकू नको, दार भोसकलंय आता, भोक राहील. मग आम्ही दोघे बसलो आणि सगळे पहिल्यापासून केले. कुलूप मूळ पदावर आणले, आणि या वेळी आक्काच्या फोनवर आक्काच्या नावाने खाते उघडले. आपोआप लागण्याची सोय दिवसा बंद. ये-जा कळवणारे निरोप बंद. मावशींना बसवून सांगितले की हे यंत्र वेळ लिहून ठेवते. त्या म्हणाल्या, "मग आधी का न्हाई सांगितलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. लोखंडी किल्ली समोरच्या काकूंकडे, त्याच खिळ्यावर. आक्का पडली तर काकू अर्ध्या मिनिटात दारात येतील. टोरांटो कितीही जवळ आले तरी तितके जवळ नाही. जुनी कडी होती तिथे आहे, फक्त खिट्टी काढली, म्हणजे अडीअडचणीला बाहेरून जोर लावून दार उघडता येईल. आणि मागच्या दाराला नव्या बिजागऱ्या.

भाच्यालाही ॲपमध्ये जोडले, अडचणीत त्याला उघडता यावे म्हणून. पण मालक एकच असतो. आकडे बदलायचे अधिकार आक्काकडे. त्याच्या नावापुढे यंत्राने आपल्या रीतीने शब्द लिहिला, 'गेस्ट'.

संध्याकाळी त्याचा फोन आला. दुखावला होता. "आई, मी माझ्याच घरात गेस्ट?"

आक्का तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग ये की राहायला."

पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दोघे पावसावर बोलले.

त्या मुलाला दोष देण्यासाठी मी हे लिहिले नाही. तो चांगला आहे आणि त्याला यायला जमणार नाही हे आक्कालाही माहीत आहे. आपल्या गोव्यात काय वेगळे आहे? २०११ च्या जनगणनेत आपल्याकडे पाचांतले सुमारे एक घर रिकामे निघाले होते. उरलेल्यांत कितीतरी ठिकाणी एकच म्हातारे माणूस, आणि मुले मुंबईला, दुबईला, लंडनला. ही कुलपे आता आपल्या डिचोलीत, पेडण्यात, काणकोणात येऊ लागली आहेत. येऊ देत.

एवढेच करा. या चवथीला घरी जाल तेव्हा माटोळी बांधून झाली की आईचा फोन हातात घ्या आणि दाराचे खाते तिच्या नावावर करा. तिला शिकवायला अर्धा तास जाईल. नाही जमले तर आणखी अर्धा. धातूची किल्ली काढून शेजारी नेऊन द्या, आणि ती देताना त्यांच्याकडे बसून चहा प्या, कारण किल्ली ठेवून घेणारा शेजारी ॲपमध्ये मिळत नाही. कामाला येणाऱ्या बाईला सांगा की दार काय काय लिहून ठेवते. आणि तुमच्या नावापुढे 'गेस्ट' असे आले तर वाईट वाटून घेऊ नका. आलात कधी तर आत घेतीलच.